बांधकामासाठी नसलेला जिना

सार्वजनिक इमारतींचे नकाशे जिथे तयार होतात, त्या कार्यालयात रोज सकाळी संगणक सुरू केला की पडद्यावर एक पाटी उमटत असे: 'आपली चाचणीची मुदत संपली आहे.' ही मुदत फार पूर्वी संपली होती. ती संपताना ज्यांनी पाहिली, ते सगळे निवृत्त होऊन गेले होते. पाटी आली की कर्मचारी 'नंतर आठवण करून द्या' या चौकोनावर टिचकी मारत आणि चहाला जात. नकाशे काढायची ही प्रणाली कुणाच्या तरी मेव्हण्याने कधीकाळी कुठून तरी आणून दिली होती. तिच्यात शाळा काढल्या गेल्या, दवाखाने काढले गेले, खुद्द न्यायालयाची नवी इमारतही काढली गेली, आणि त्या इमारतीच्या उद्घाटनाला कायद्याच्या राज्यावर फार सुंदर भाषण झालं होतं.

मग एक दिवस वरून परिपत्रक आलं. यापुढे प्रत्येक कार्यालयाने फक्त अधिकृत प्रणालीच वापरावी, असं त्यातलं पहिलं वाक्य होतं. दुसरं वाक्य होतं, की यासाठी निधी मिळणार नाही. मोठे साहेब कर्तव्यदक्ष असल्यामुळे त्यांनी पहिल्या वाक्याची अंमलबजावणी त्याच दुपारी केली आणि जुनी प्रणाली सगळ्या संगणकांवरून काढून टाकायला लावली. नवी यायची होती. तोवर नकाशे काढणाऱ्या कार्यालयात नकाशे निघेनासे झाले, पण बाहेर कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

या सगळ्यात खरा जीव कुणाचा टांगणीला लागला असेल, तर तो नकाशेबाईंचा. त्या आर्किटेक्ट होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहायचं. बाकी जग त्यांना नकाशेबाईच म्हणे. त्यांच्या टेबलावर त्या दिवशी एकच काम अर्धवट होतं, ते म्हणजे एका शाळेचा दुसरा जिना.

त्या शाळेत लहान मुलांचे सगळे वर्ग वरच्या मजल्यावर होते. खाली सरकारी कागदपत्रं ठेवली होती, कारण कागदपत्रं वर चढवायला हमाल तयार नव्हते. मुलं आपापल्या पायांनी चढत. वर जायला एकच जिना, तोही अरुंद. मध्यावर तो वळायचा, आणि वळणावरच्या पायऱ्या एका बाजूला इतक्या निमुळत्या, की मोठ्या माणसाचं पाऊल आडवं ठेवावं लागे. कठडा नेमका तिथेच तुटलेला. शाळेची मुख्याध्यापिका नकाशेबाईंची सख्खी आत्या होती. शाळा सुटायची घंटा झाली, की आत्या त्या वळणावर भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि एकेक वर्ग खाली सोडायची. पोरं तिचं कोपर, मनगट, पिशवी, जे हाताला लागेल ते धरून वळायची. नकाशेबाई स्वतः लहानपणी त्याच वळणावरून गडगडल्या होत्या. हनुवटीखालची टाक्यांची खूण अजून होती, आणि आपण आर्किटेक्ट का झालो असं कुणी विचारलं, तर त्या नकळत तिथे बोट नेत.

आत्या येत्या मोठ्या सुटीच्या आधी निवृत्त होणार होती.

"हे बघ पोरी," ती फोनवर म्हणाली, "मी म्हणजे त्या शाळेचा कठडा आहे. फरक इतकाच, की कठड्याला निवृत्तीचं वय नसतं. सुटीत जिना बांधून झाला तर ठीक. नाहीतर शाळा उघडेल त्या दिवशी त्या वळणावर कोण उभं राहणार, ते तूच सांग."

"आत्या, काळजी नको करूस. एवढासा तर जिना आहे."

नकाशेबाईंनी दुसऱ्याच दिवशी फळीवर कागद चढवला आणि पेन्सिलीने जिना हातानेच काढून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"सुंदर. याची फाइल कुठंय?"

"हीच, सर. कागद."

"कागद म्हणजे कुठला फॉरमॅट?"

कागद हा फॉरमॅट यादीत नसल्यामुळे जिना परत आला.

पण साहेब काही अगदीच दगड नव्हते. त्यांनी कुठे तरी ऐकलं होतं, की जगात 'मुक्तस्रोत' म्हणून एक प्रकार आहे. लोक आपखुशीने प्रणाली तयार करतात, फुकट वाटतात, आणि आत काय चाललंय ते कुणालाही उघडून बघू देतात. ऐकून साहेब हरखून गेले. लगोलग 'मुक्त आरेखन प्रणाली निवड समिती' नेमली गेली. अध्यक्ष साहेब. सदस्य म्हणून हिशेबनीस, कारण त्यांच्याशिवाय काहीच निवडता येत नसे. संगणक विभागाचा प्रमुख, ज्याला सगळे 'पासवर्ड' म्हणत, कारण तो त्याच्याकडेच असे आणि तो कुणालाच देत नसे. आणि समितीत एखादं तरी नकाशे काढणारं माणूस असावं असा कुणीसा आग्रह धरला, म्हणून नकाशेबाई.

पहिल्या बैठकीला नकाशेबाई तयारी करून आल्या होत्या. त्यांनी घरच्या संगणकावर तीन प्रणाली वापरून पाहिल्या होत्या. पहिली हलकीफुलकी, जुन्यापुराण्या मशीनवरही पळणारी, सपाट रेघांच्या कामाला झकास. दुसरी हुशार, एका पायरीची उंची बदलली की बाकीच्या पायऱ्या आपसूक बदलायच्या. तिसरीला भिंत काढली की ती भिंतच आहे हे कळायचं, दाराला आपण दार असल्याचं भान असायचं. फक्त जुना नकाशा तिच्यात उघडला की सगळी दारं उडून अंगणात जाऊन पडायची. तिन्हींचं गुणवर्णन करून त्या थांबल्या. हिशेबनिसांनी चष्मा पुसला.

"दर सांगा."

"तिन्ही फुकट आहेत."

"बाई, 'फुकट' असा दर नसतो. आकडा सांगा."

"शून्य."

"तिघांचाही?"

"तिघांचाही."

हिशेबनीस साहेबांकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला. "साहेब, तीन वेगवेगळ्या पुरवठादारांनी तंतोतंत एकच दर दिलाय. हे संगनमत आहे."

बैठक तहकूब झाली. पुढच्या बैठकीपर्यंत हिशेबनिसांनी नियम पालथे घातले आणि निष्कर्ष काढला, की मोबदल्याशिवाय मिळणारी वस्तू ही भेटवस्तू असते, भेट देणाऱ्याचा हेतू तपासावा लागतो, आणि हेतू तपासायला देणारा समोर लागतो. त्याप्रमाणे तिन्ही प्रणाली बनवणाऱ्या जगभरच्या स्वयंसेवकांना पत्र गेलं, की आपण ही भेट या कार्यालयास कोणत्या हेतूने देत आहात ते प्रतिज्ञापत्रावर कळवावं. एकाच माणसाचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, 'मी तुम्हाला काही दिलेलं नाही. मी ठेवून दिलंय, तुम्हीच घेताय.'

"न देता घेतलं?" साहेबांना दरदरून घाम फुटला. "म्हणजे चोरी झाली ही!"

"खरं सांगू, साहेब?" हिशेबनीस हळहळले. "आपण चोरीची वापरत होतो ना, तेव्हा ही असली कटकट अजिबात नव्हती."

मग पासवर्डची पाळी. त्याचा आक्षेप मूलभूत होता. प्रणाली आतून उघडी आहे, म्हणजे कुणीही आत बघू शकतो. कुणीही म्हणजे आपणही. आपण बघितलं आणि काही तरी सापडलं, तर जबाबदारी आपली; बघितलं नाही, तर न बघितल्याची जबाबदारीही आपलीच. यावर सुवर्णमध्य असा निघाला, की तिन्ही प्रणाली एका वेगळ्या संगणकावर ठेवाव्यात, तो संगणक कशालाही जोडू नये, त्याच्या खोलीला कुलूप लावावं आणि किल्ली पासवर्डकडे राहावी. अशा रीतीने मुक्त प्रणाली कार्यालयात दाखल झाली.

हे सगळं होईपर्यंत शाळेचं निम्म्याहून जास्त वर्ष सरलं होतं. आत्या अधूनमधून फोन करायची. रागवायची नाही, तीच तर पंचाईत होती. "जिना कुठवर आला गं?" एवढंच विचारायची, आणि नकाशेबाईंना रागावण्यापेक्षा ते जास्त लागायचं.

अशात साहेबांनी जाहीर केलं, की निवड शास्त्रीय पद्धतीने व्हायला हवी. एकच नमुना नकाशा तिन्ही प्रणालींत काढून पाहायचा आणि गुण द्यायचे. नमुना कुठला घ्यायचा?

इथे नकाशेबाईंच्या डोक्यात ती कल्पना आली. काय करणार, हुशार माणसं अशीच पायावर धोंडा पाडून घेतात! त्यांना वाटलं, नमुना म्हणून शाळेचा जिनाच सुचवावा. समितीचं काम होईल, आपलंही होईल. चाचणी संपेल तेव्हा एक सोडून तीन नकाशे हातात असतील, त्यातला एक उचलून बांधकामाला धाडला की झालं. त्यांनी जिना सुचवला. साहेबांना तो फारच आवडला. लहान होता आणि पायऱ्यांमुळे त्यात काही तरी प्रगती होताना दिसत होती.

नकाशेबाई त्या कुलपातल्या खोलीत बसल्या आणि जीव ओतून त्यांनी जिना काढला. रुंद, मधे वळायला ऐसपैस चौक, कुठेही निमुळती पायरी नाही, दोन्ही बाजूंना कठडा, आणि मोठ्यांच्या कठड्याखाली लहान हातांसाठी आणखी एक बुटका कठडा. तिन्ही प्रणालींत काढला. तिन्हींत तो तसाच देखणा आला. त्यांनी कागद छापून आणले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. हिशेबनिसांनी तिन्ही कागद पुढ्यात ओढले आणि प्रत्येकावर दणादण शिक्का मारला: 'केवळ चाचणीसाठी. बांधकामासाठी वापरू नये.'

"हे कशाला?" नकाशेबाई दचकल्या.

"अहो, निवड न झालेल्या प्रणालीतला नकाशा चुकून खरा समजून कुणी बांधला तर?"

बरं, निवड झाली की शिक्का उठेल, असं त्यांनी मनाला समजावलं. गुण द्यायला सुरुवात झाली. साहेबांनी पहिला कागद उजेडाकडे धरला.

"हा बाण कसला?"

"जिन्याचा आहे, सर. जिना कुठल्या बाजूने चढतो ते कळावं म्हणून. आमच्यात बाण नेहमी वरचीच दिशा दाखवतो, तसा रिवाजच आहे."

"पण शाळेच्या अर्जात काय म्हटलंय? 'शाळा सुटताना मुलांना सुरक्षित खाली उतरता यावं म्हणून.' मुलांना उतरायचंय, आणि आपण त्यांना चढवतोय!"

"सर, जो जिना वर जातो, तोच खाली येतो."

"हे तुमचं गृहीतक झालं," साहेब म्हणाले. "नकाशात दिसत नाही."

दुसरा कागद पाहिला, त्यातही बाण वर. तिसऱ्यातही वर. समितीने नोंद केली, की तिन्ही प्रणाली चढण्यात उत्तीर्ण, उतरण्यात अनुत्तीर्ण. नकाशेबाईंनी मुकाट्याने खाली दाखवणारा दुसरा बाण काढून आणला. तेव्हा हिशेबनिसांनी शंका काढली, की एकाच जिन्यावर समोरासमोर दोन बाण म्हणजे उघडउघड टक्कर आहे, आणि यात पोरं जखमी झाली तर कागदावर पुरावा आपणच दिला असं होईल. मग चढण्याचा जिना वेगळ्या कागदावर आणि उतरण्याचा वेगळ्या कागदावर काढायचं ठरलं. ते काढून झाल्यावर हिशेबनिसांनी विचारलं, की मंजुरी एका जिन्याची असताना कागदांवर दोन जिने कसे?

आता बोला!

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, पण थोडा दमलेला.

"काल एक वर्ग मी सोडायच्या आधीच निघाला गं. घंटा ऐकली आणि सगळी एकदम आली. कुणाला काही झालं नाही, पोरं माझ्यावर पडली."

"आणि तू?"

"माझं मनगट. डावंच आहे. उजव्याने घंटा वाजवता येते."

नकाशेबाईंनी फोन ठेवला आणि त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दार न वाजवता आत पाऊल टाकलं. "सर, माझ्या आत्याचा हात मोडलाय. मला आज निर्णय हवाय. तुम्ही कुठलीही प्रणाली निवडा, डोळे मिटून बोट ठेवा, पण आज निवडा."

साहेबांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही निवड समितीच्या सदस्य, आणि चाचणीच्या जिन्याशी तुमचं रक्ताचं नातं? हे तुम्ही आधी सांगायला नको होतं का?" नकाशेबाईंना पुढच्या बैठकांना बसायची परवानगी राहिली, मत द्यायची राहिली नाही.

पण देवाच्या दारी उशीर असला, तरी समितीच्या दारी एकदा तरी चहा संपतोच. मोठी सुटी सुरू व्हायला थोडे दिवस उरले असताना एका सकाळी निवड झाली. एकमताने झाली. टाळ्या वाजल्या, छायाचित्र काढलं गेलं, साहेबांनी स्वातंत्र्य या विषयावर चार शब्द सांगितले. नकाशेबाई टाळ्या थांबायच्या आतच शिक्का मारलेला कागद घेऊन उभ्या राहिल्या.

"सर, आता हा शिक्का काढून द्या. नाहीतर मी आत्ता बसते आणि संध्याकाळपर्यंत तोच जिना निवडलेल्या प्रणालीत नव्याने काढून देते. ठेकेदार सुटीत काम करायला तयार आहे."

साहेबांनी पासवर्डकडे पाहिलं.

"त्यात एक तांत्रिक मुद्दा आहे," पासवर्ड म्हणाला. "या फुकट प्रणालींचा एक ताप असतो. दर थोड्या दिवसांनी त्यांची नवी आवृत्ती येते. प्रत्येक नवी आवृत्ती वापरायच्या आधी तपासावी लागणार, आणि तपासायची तर त्याच नमुन्यावर. म्हणजे शाळेचा जिना आता आपला मानक नमुना झालाय."

"मग? नमुना राहू दे की. जिना बांधू या."

"बाई, बाई," हिशेबनीस समजुतीच्या सुरात म्हणाले. "नमुना हा प्रस्तावित जिना आहे. तुम्ही तो बांधलात, की तो प्रस्तावित राहत नाही. नमुना नष्ट होतो. मग आजवरचे सगळे गुण कशाच्या आधारावर दिले, असं उद्या कुणी विचारलं तर?"

"दुसरा नमुना घ्या ना! सायकलची शेड घ्या, पाण्याची टाकी घ्या!"

"दुसरा घेतला तर निवड पहिल्यापासून," साहेब म्हणाले. आवाजात करुणा होती. "आणि तसं पाहिलं, तर तुमच्या आत्याबाईंचा केवढा मोठा मान आहे हा. इतक्या वेळा, इतक्या काळजीने काढलेला जिना अख्ख्या खात्यात दुसरा नाही."

आत्याच्या निरोप समारंभाला कार्यालयाकडून एक भेट गेली. चढण्याचा आणि उतरण्याचा असे जिन्याचे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून केलेली मोठी चौकट, रंगीत, शिक्क्यासकट. समारंभ वरच्या मजल्यावर होता. तो संपल्यावर आत्याने चौकट एका शिक्षिकेकडे दिली, चष्मा नीट केला आणि शेवटच्या वेळी वळणावर जाऊन उभी राहिली. पोरं तिच्या बऱ्या हाताला धरून एकेक करत उतरली. सगळ्यात शेवटी नकाशेबाई उतरल्या. त्यांनीही हात धरला. मोठं माणूस, पाऊल आडवं ठेवून.

"रडतेस काय वेडाबाई," आत्या म्हणाली. "पायरीकडे बघ."

सुटी संपली, शाळा उघडली. जिना, म्हणजे जुना जिना, होता तसाच होता. नव्या मुख्याध्यापकांचे गुडघे दुखत, ते खालीच बसत. त्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला नकाशेबाई कार्यालयातून उठल्या आणि त्या वळणावर भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या दिवशीही. हजेरीच्या नोंदीत 'मानक नमुन्याची स्थळपाहणी' असं लिहून त्या रोज जातात आणि कुणी हरकत घेत नाही, कारण पाहणीने नमुना बिघडत नाही. समितीचा मात्र त्यांनी राजीनामा दिला. दोन ओळींचा दिला, हाताने लिहून; तो अजून स्वीकारलेला नाही, फॉरमॅट चुकलाय.

नवी आवृत्ती आली की कुलपातल्या खोलीत कुणी तरी तो जिना पुन्हा काढतं. आता तो फारच सुंदर येतो म्हणतात. कठड्यावर उजेड पडलेलासुद्धा दिसतो.

तर अशी ही हकिगत. मी ती बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. सांगून झाली की ऐकणारे हळहळतात, मान हलवतात, 'काय ही व्यवस्था!' असं म्हणतात. आणि मग न चुकता कुणी तरी घसा खाकरून विचारतं, अगदी जे आत्ता तुमच्या ओठांवर आलंय तेच: "ते सगळं कळलं हो, पण तिन्हींतली शेवटी निवडली कुठली?"

समितीत एक जागा लवकरच रिकामी होणार आहे. तुम्ही अर्ज करा, तुमची निवड पक्की समजा.